खाडीच्या दोन काठांवरचा फोन: एका छोट्या इंटरनेट कंपनीचं प्रकरण

या कंपनीच्या परवान्याची आणि हिशेबाची कागदपत्रं मी पाहतो, त्यामुळे बहुतेक बैठकांना हजर होतो. कंपनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यामागची कारणं मात्र घडली तशीच आहेत.

पार्श्वभूमी

विजयदुर्गच्या खाडीच्या अलीकडे रत्नागिरी जिल्हा, पलीकडे सिंधुदुर्ग. अलीकडच्या एका बाजारपेठेच्या गावात काका-पुतण्याचा हा धंदा आहे. काकांनी नव्वदच्या दशकात डिश लावून केबल टीव्ही सुरू केला. पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंग करून परत आला, आणि केबल ज्या खांबांवरून जात होती त्याच खांबांवरून त्यानं फायबर ओढलं. सुरुवातीला दुसऱ्याचं इंटरनेट विकलं, मग स्वतःच्या नावावर लायसन्स घेतलं.

२०१३ पासूनच्या युनिफाइड लायसन्सच्या पद्धतीत इंटरनेट कंपन्यांचे तीन वर्ग होते. ‘अ’ वर्ग देशभरासाठी, ‘ब’ एका दूरसंचार सर्कलसाठी, ‘क’ एका एसएसएसाठी; आपल्याकडे एसएसए म्हणजे ढोबळमानानं जिल्हा. प्रवेश शुल्क अनुक्रमे ३० लाख, २ लाख आणि २० हजार. काकांनी साहजिकच २० हजारवालं घेतलं. मग खाडीपलीकडून मागणी आली. होडीनं दहा मिनिटांचं अंतर, पण एसएसए वेगळा. दोन ‘क’ घ्यायची की एक ‘ब’, यावर घरात बरीच खलबतं झाली आणि शेवटी महाराष्ट्र सर्कलचं ‘ब’ घेतलं. या सर्कलमध्ये गोवा येतो, मुंबई येत नाही. खाडीच्या या दोन काठांनी पुढे फोनच्या कामातही त्रास दिला, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

कोकणात फायबर टाकणं हे घाटावरच्यासारखं सरळ काम नाही. जमिनीत जांभा. खोदायला गेलं की मीटरमागचा खर्च हाताबाहेर जातो, म्हणून बहुतेक तार खांबांवरूनच जाते. वरून माडाची झावळ पडते, माकडं तारेला लोंबकळतात, आणि वाड्या इतक्या विखुरलेल्या की आठ घरांसाठी दीड किलोमीटर ओढावं लागतं. एवढं करूनही २०२१ पर्यंत हजाराच्या वर जोडण्या झाल्या होत्या.

अडचण

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं. खांब आडवे झाले, वीज कित्येक दिवस नव्हती. फायबर हळूहळू जोडून झालं, पण गावातली तांब्याची जुनी टेलिफोन लाइन काही भागांत परत उभीच राहिली नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणात ती आधीच ठिकठिकाणी तुटलेली होती. वादळानं उरलंसुरलं नेलं. मग लोक या कंपनीच्या ऑफिसात येऊन विचारू लागले, “इंटरनेट देता, मग फोन का नाही देत?”

विचारणारे तीन प्रकारचे होते. ज्यांची मुलं मुंबईला आहेत आणि ज्यांच्या वाडीत मोबाइलची रेंज माडाखाली एका जागीच मिळते, अशी म्हातारी माणसं. पाटीवर, पावतीपुस्तकावर आणि शिक्क्यावर जुना नंबर छापलेला आहे, असे दवाखाने आणि पतसंस्था. आणि हॉटेलवाले, ज्यांना एका नंबरवर एकाच वेळी चार-पाच फोन घ्यायचे असतात. हंगामात आंबा बागायतदारही त्यांत येत, पण वाशीच्या दलालाशी बोलायला त्यांना मोबाइल पुरतो. त्यांची मागणी फारशी खरी नव्हती.

खरा धाक दुसरीकडून होता. बाजारपेठेत एका मोठ्या कंपनीचं फायबर आलं आणि त्यासोबत फोन फुकट. पुतण्याचे चांगले पैसे देणारे शंभरेक ग्राहक त्याच गल्लीत होते.

“व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात की सगळे,” हे काकांचं पहिलं उत्तर होतं. आपसांत बोलायला ते खरंच पुरतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आणीबाणीचा ११२ लागत नाही, बँकेचा माणूस त्यावर फोन करत नाही, आणि दवाखान्याच्या पाटीवर त्याचा नंबर ०२३५३ नं सुरू होत नाही.

कायदा काय म्हणत होता

पुतण्यानं एका रिकाम्या संध्याकाळी जुन्या कॉम्प्युटरवर अ‍ॅस्टेरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर चढवलं आणि दुकानातून घरी, घरून काकांच्या बागेत फोन लावून दाखवला. आवाज स्वच्छ. एका कॉलला, आवाज पाठवायच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीनं, एका दिशेला जेमतेम ८७ केबीपीएस लागतात. म्हणजे दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएसच्या आत. तंत्र एवढं स्वस्त आहे. काका खूश झाले आणि म्हणाले, “चल, उद्यापासून देऊया.”

इथे मला मध्ये पडावं लागलं. इंटरनेट कंपनीच्या लायसन्सवर २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी आहे, पण मर्यादित: एका उपकरणावरून दुसऱ्या उपकरणावर इंटरनेटमधूनच, किंवा इथून परदेशातल्या फोनवर. भारतातल्या साध्या फोनला किंवा मोबाइलला जोडून देता येत नाही. ते करायला टेलिफोन-मोबाइल कंपन्यांना मिळणारा अ‍ॅक्सेस सेवेचा परवाना लागतो. दूरसंचार नियामक ट्रायनं ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या आणि २०१८ च्या जूनमध्ये दूरसंचार विभागानं नियम सैल केले, तेव्हा आपल्यासारख्यांना दार उघडलं असा बऱ्याच छोट्या कंपन्यांचा समज झाला. दार उघडलं ते अ‍ॅक्सेस परवानेधारकांना. त्यांचा नंबर आता कुणाच्याही इंटरनेटवरून चालू शकत होता. आपण फक्त ते इंटरनेट.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, स्वतः अ‍ॅक्सेस परवाना घेणं. एका सर्कलचं प्रवेश शुल्क १ कोटी. त्यावर बँक गॅरंटी, कायदेशीर टेहळणीची यंत्रणा, ११२ ची सोय, आणि प्रत्येक मोठ्या कंपनीशी आंतरजोडणी. २०१८ च्या आंतरजोडणी नियमांत विनंती आल्यावर ३० दिवसांत करार करायचं बंधन आहे खरं, पण करार झाला म्हणून तारा आणि पोर्ट फुकट येत नाहीत. हजार ग्राहकांवर हे गणित कुठल्याही बाजूनं बसत नव्हतं. दहा मिनिटांत विषय संपला.

दुसरा, आभासी ऑपरेटर होणं, म्हणजे व्हीएनओ. मोठ्या कंपनीचं जाळं वापरून आपल्या नावानं फोन विकायचा. जिल्ह्यापुरता ‘ब’ वर्गाचा व्हीएनओ परवानाही (हा ‘ब’ इंटरनेटच्या ‘ब’हून वेगळा) निघाला होता आणि त्याचं शुल्क परवडण्यासारखं होतं. मला हाच पर्याय आवडला होता. पण व्हीएनओला आधी एका मूळ कंपनीशी करार करावा लागतो आणि तो करायची सक्ती कुणावर नाही. पुतण्यानं दोन कंपन्यांना पत्रं लिहिली. एकीचं उत्तर आलं नाही, दुसरीनं मिनिटांची जी किमान हमी मागितली ती अख्ख्या तालुक्याला पेलली नसती.

तिसरा, कुणा परवानेधारक कंपनीचा भागीदार होणं. फोन त्यांचा, नंबर त्यांचा, बिल त्यांचं. आपलं फक्त फायबर, बसवणी आणि दुरुस्ती, त्याबद्दल ठरलेला वाटा. काकांना हे कमीपणाचं वाटलं. “म्हणजे आपण परत केबलवाले,” असं ते म्हणाले.

चौथा पर्याय कागदावर कुणी लिहिला नाही, पण तोच सगळ्यात जास्त चर्चिला गेला. पुतण्याच्या डोक्यात एक जीएसएम गेटवे आणायचं होतं. डब्यात आठ सिमकार्डं, ग्राहकानं घरच्या फोनवरून नंबर फिरवला की कॉल अ‍ॅस्टेरिस्कमधून येऊन एखाद्या सिमवरून बाहेर पडेल. अमर्याद कॉलचे पॅक आहेतच. “काका, कुणाचं काय नुकसान आहे? सिमचे पैसे आपण भरतोच ना?”

वळणाची जागा

त्याच महिन्यात मुंबईहून एक गृहस्थ आले. गोड बोलणारे. त्यांना फक्त एक बंद खोली, वीज, इन्व्हर्टर आणि फायबर हवं होतं. भाडं गावातल्या कुठल्याही गाळ्याच्या कितीतरी पट. खोलीत काय ठेवणार, तर “सर्व्हर”. पुतण्यानं चार प्रश्न विचारले आणि त्याच्या लक्षात आलं की हा सिमबॉक्सचा मामला आहे. परदेशातून येणारा कॉल इंटरनेटवरून गुपचूप आणायचा आणि इथल्या सिमवरून लोकल म्हणून सोडायचा. परदेशी कॉल उतरवून घेण्यासाठी इथल्या कंपनीला २०२० पासून मिनिटाला ३५ ते ६५ पैसे दर आहे. देशातल्या देशात तो १ जानेवारी २०२१ पासून शून्य. मधला फरक या मंडळींच्या खिशात जातो, आणि कॉल कुठून आला हे पोलिसांना कळत नाही ते वेगळंच.

पुतण्यानं त्या गृहस्थांना नाही सांगितलं आणि रात्री जेवताना काकांना हकिकत सांगितली. काकांनी हातातला घास खाली ठेवला. “मेल्या, मग तो नि आपण वेगळे कसे? त्याचा डबा मोठा, तुझा लहान.”

तेवढ्यावर गेटवेचा विषय मिटला. माझ्या मते सगळ्या प्रकरणात हाच खरा निर्णय होता. बाकीचे आकडेमोडीनं होणारच होते. पुतण्याचा हेतू वाईट नव्हता, पण विनापरवाना सेवेच्या नियमात हेतू कुणी विचारत नाही. दूरसंचार कायदा, २०२३ आल्यावर तर कलम ४२ नुसार परवानगीशिवाय सेवा देण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, २ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. इंटरनेटचं लायसन्सही त्यातच गेलं असतं.

निर्णय आणि अंमलबजावणी

तिसरा पर्याय घेतला. घरांसाठी एका परवानेधारक कंपनीची फायबरवरची फोन सेवा, आणि हॉटेल-पतसंस्थांसाठी त्याच कंपनीची सिप ट्रंक, म्हणजे एका नंबरवर अनेक वाहिन्या (सिप ही इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत). ग्राहकाचा अर्ज आणि ओळखपत्र त्यांच्या नावे, बिल थेट त्यांचं. हे मी आग्रहानं करून घेतलं. ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एजीआर (लायसन्स फी ज्यावर लागते तो महसूल) निकालानंतर कुठला रुपया कुठल्या महसुलात मोजला जाईल याची धास्ती सगळ्यांनीच घेतली होती. फोनचे पैसे आपल्या गल्ल्यात येऊन पुढे गेले की त्यावर ८ टक्के लायसन्स फीचा वाद ओढवून घ्यायचा, त्यापेक्षा फक्त कमिशन वेगळ्या खात्यावर आलेलं बरं.

पहिला फटका डब्यांनी दिला. वादळानंतर घाईघाईत घरोघरी बसवलेले ओएनटी, म्हणजे फायबरचे घरातले डबे, स्वस्तातले होते, त्यांना फोनचं पोर्टच नव्हतं. ते बदलायला लागले. शिवाय १५ जून २०२१ पासून नवीन यंत्रसामग्री सरकारनं विश्वसनीय ठरवलेल्या स्रोताकडूनच घ्यायचा नियम लागू झाला, त्यामुळे विजेनं जळालेल्या ओएलटीच्या (कंपनीच्या बाजूच्या मुख्य डब्याच्या) जागी पूर्वीचा स्वस्त चिनी डबा आणता आला नाही. वादळ मे महिन्यात, नियम जूनमध्ये. पुतण्याचं बजेट दोन्हींच्या मध्ये सापडलं.

फोनसाठी जाळ्यात वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेतली स्वतंत्र वाट, ठेवला आणि त्याला इंटरनेटच्या आधी वाट दिली. याची गरज गणपतीत कळली. चाकरमानी गावी आले की प्रत्येक घरात चार-पाच मोबाइल वाढतात, संध्याकाळी आरतीचे व्हिडिओ वर चढायला लागतात आणि बाहेर जाणारी वाट तुंबते. कॉलला बँडविड्थ थोडी लागते, पण डेटाची पाकिटं वेळेवर लागतात. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. ज्या दोन वाड्यांत व्हीलॅन लावायचा राहिला होता, तिथूनच तक्रारी आल्या.

समुद्रकाठच्या एका हॉटेलात वेगळीच गंमत झाली. फोन वाजायचा, उचलला की समोरच्याला ऐकू यायचं, पण हॉटेलवाल्याला काही ऐकू येत नव्हतं. त्यानं स्वतःचा दुसरा राउटर मध्ये लावला होता आणि त्यातलं सिप एएलजी नावाचं फीचर सिपचे पत्ते आपल्या मनानं बदलत होतं. ते बंद केलं, त्याच्या पीबीएक्सला (हॉटेलातल्या छोट्या एक्स्चेंजला) इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता, म्हणजे पब्लिक आयपी, दिला, आवाज आला. मे महिन्याचे चार बुकिंग मात्र तोवर गेले होते.

एका जुन्या चिरेबंदी घरातल्या आजोबांकडे तबकडी फिरवायचा काळा फोन होता. वायर जोडली, घंटा खणखणीत वाजली, येणारा कॉल छान झाला. पण तबकडी फिरवून नंबर लागेना. नव्या डब्याला तबकडीचे ठोके कळत नव्हते, त्याला बटणांचे सूर हवे होते. आजोबा बटणांचा फोन घ्यायला तयार नव्हते. “मला फक्त मुलाचा फोन आलेला हवा, मी कुणाला करतो?” म्हणून तो तसाच ठेवला. शेजारी बटणांचा एक साधा फोन सुनेसाठी समांतर लावून दिला.

परिणाम

फोनमुळे कंपनी श्रीमंत झाली नाही. कमिशनमधून दुरुस्तीच्या माणसाचा पगार जेमतेम निघतो. पण बाजारपेठेतली गळती बरीचशी थांबली आणि पतसंस्थांनी इंटरनेटचे वार्षिक करार केले, कारण फोन आणि इंटरनेटसाठी एकच माणूस धावून येतो हे त्यांना पटलं.

खाडीपलीकडचं काम मात्र अडलं. लँडलाइनचा नंबर भागाशी बांधलेला असतो. अलीकडे राजापूरचा ०२३५३, पलीकडे देवगडचा ०२३६४. भागीदार कंपनीकडे पलीकडच्या भागाची नंबरमालिका सुरूच नव्हती. इंटरनेटचं लायसन्स ‘ब’ वर्गाचं करून खाडी ओलांडली, पण फोन अलीकडेच थांबला. पलीकडच्या लोकांना कंपनी आजही नुसतं इंटरनेट देते.

आणि विजेचा प्रश्न. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे. घरात अंधार असला तरी फोन जिवंत असायचा. फायबरमधून वीज येत नाही. घरातला डबा बंद पडला की फोन मेला. वळवाच्या पहिल्याच पावसात वीज गेली आणि ज्यांनी ‘वादळात उपयोगी पडेल’ म्हणून फोन घेतला होता, त्यांचेच फोन पहिल्या मिनिटात गेले. नंतर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवून द्यायला सुरुवात केली. तो काही तास चालतो, काही दिवस नाही.

वेगळं काय करता आलं असतं

विजेची गोष्ट विकतानाच सांगायला हवी होती. पुतण्याचं म्हणणं, सांगितलं असतं तर निम्म्यांनी घेतलाच नसता. असेलही. पण ज्यांनी घेतला असता त्यांनी यूपीएससकट घेतला असता, आणि पावसाळ्यातली शिव्यांची एक फेरी वाचली असती.

नंबरमालिकेचा प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारायचा होता. तो एका ईमेलचा प्रश्न होता. परवान्याच्या मोठ्या प्रश्नांत सगळे इतके गुंतले की कोड नंबरचा प्रश्न कुणाला सुचला नाही.

ओएनटीच्या खरेदीबद्दल मी काकांना दोष देत नाही. वादळानंतर लोकांना पंधरा दिवसांत जाळं उभं करून हवं होतं, आणि तेव्हा फोनचा विचार पक्का झालेला नव्हता.

व्हीएनओबद्दल माझं आणि काकांचं अजून पटत नाही. २०२३ च्या कायद्यानं लायसन्सच्या जागी ऑथरायझेशनची चौकट आणली आहे, आणि तालुक्यातल्या तीन-चार छोट्या कंपन्यांनी एकत्र येऊन मिनिटांची हमी वाटून घेतली तर तो रस्ता परत तपासण्यासारखा आहे असं मला वाटतं. काका म्हणतात, तीन केबलवाले एका कागदावर सही करतील तो दिवस मला दाखव.

सगळ्यात महागात पडू शकणारी गोष्ट करारातच होती. आपल्याकडे नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. उद्या भागीदारी तुटली तर दवाखान्याच्या पाटीवरचा नंबर भागीदार कंपनीकडे राहणार आणि ग्राहक शिव्या घालणार काकांना. पहिल्या करारात यावर एक ओळही नव्हती. या वर्षीच्या नूतनीकरणात दोन मागण्या लेखी दिल्या: भागीदारी संपली तरी सहा महिने नंबर आहे त्या फायबरवर चालू ठेवायचे, आणि कमिशन वाढवायचं. पहिली मान्य झाली, दुसरी फेटाळली. काका कमिशनवर अडून बसले होते. पुतण्यानं त्यांना न विचारता पहिलीवर समाधान मानून सही केली, आणि दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.